बगळ्याच्या पंखाची कड

डोळे मीट बघू. चोरून बघायचं नाही. पापण्या थरथरल्या की मला लगेच कळतं. आता दोन्ही तळवे जवळ आण, नळाचं पाणी प्यायला करतात तशी ओंजळ कर. मी तिच्यात एक वस्तू ठेवतो आहे. जरा जड आहे. घाबरू नकोस, फुटली तरी मी रागावणार नाही.

थंड लागली ना? चिनीमातीची आहे, थंडच लागणार. थोडा वेळ धरून ठेवली की तुझ्या हाताइतकीच होईल. मधे एक लांबट फुगीर भाग आहे, आंब्याच्या कोयीएवढा. त्याच्या दोन बाजूंना काहीतरी रुंद पसरलेलं आहे. मागे दोन बारीक काड्या एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. पुढं एक टोक आहे. तिला रंगही आहे, पण त्याची आत्ता तुला गरज नाही. ही वस्तू बघण्यासाठी केलेलीच नाही. ती हातात धरण्यासाठी केली आहे.

तुझ्या ओंजळीत ठेवण्याआधी मी ती माझ्या गालावरून फिरवली. डोळे मिटलेले होते म्हणून तुला दिसलं नाही. या सवयीवरून मुलं मला हसतात. हसू देत. ही सवय मला एका नऊ वर्षांच्या मुलीनं लावली, त्याला चाळीस वर्षं झाली. तीच गोष्ट सांगतो. वस्तू हातातच असू दे, आणि डोळे मिटलेलेच ठेव.

वैनगंगेच्या काठाजवळच्या एका गावात मी अंध मुलांच्या निवासी शाळेत मातीकाम शिकवत होतो. त्याआधी एका कारखान्यात लोणच्याच्या बरण्या करायचो. शाळेत एक लहानशी भट्टी होती, आणि माझं काम असं होतं की ज्या गोष्टी मुलांना हातात घेता येत नाहीत, त्या हातात येतील एवढ्या करून द्यायच्या. हत्ती, आगगाडी, डोंगर आणि त्याला वळसे घालत जाणारा रस्ता. ढग मी तीनदा केला आणि तीनदा मुलांनी त्याला बटाटा ठरवला.

शाळा काढणाऱ्या बाईंनी मातीकामाच्या खोलीला एकच नियम घालून दिला होता: आधी आपला अंगठा, मग मुलाचा हात. भाजलेल्या वस्तूवर जी काचेसारखी झिलई असते, ती भट्टीत वितळून ओघळते. ओघळ जिथं थांबतो तिथं कधीकधी काट्यासारखं टोक धरतं. ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून घासदगडानं घासायचं, मग प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवायचा, आणि मगच वस्तू मुलांना द्यायची. मी अकरा वर्षं हा नियम पाळत आलो होतो.

दुसरी एक पद्धत मात्र मी दोन वर्षांपासून सोडली होती. अंध मुलांना मातीकाम शिकवायचं तर त्यांच्या हातावर आपला हात ठेवून शिकवावं लागतं. किती दाबायचं, कुठं थांबायचं, ते हातानंच हाताला सांगायचं असतं. मी आता भिंतीजवळ उभा राहून तोंडानं सांगायचो. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असायचा, मे महिन्यातसुद्धा. सदरा मुलांना दिसत नव्हता. गुरुजी हात धरत नाहीत, हे मात्र त्यांना कळलं होतं.

"गुरुजी, आमच्यावर रुसले का तुम्ही?" एकदा वनमालानं विचारलं.

"नाही."

"मग दुरून काऊन बोलता?"

"काम असतं," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि आपला मातीचा गोळा पुन्हा थापायला घेतला.

वनमाला शेंडे म्हणजे नदीवर मासे धरणाऱ्या डोमाजीची मुलगी. जन्मापासून अंध. तिला एक खोड होती. बोटानं नीट कळलं नाही तर ती वस्तू ओठाला लावून बघायची. मणी, बिया, बटण, सगळं आधी ओठाला. आमच्या वसतिगृहाच्या दमयंतीबाई ओरडायच्या, "वनमाला, तोंड हे खायला दिलंय!" मग ती दोन मिनिटं ऐकायची.

तिचं शाळेत राहणं त्या वर्षी एका बोटावर टांगलेलं होतं. ते कसं, ऐक.

दिवाळीच्या सुट्टीत डोमाजी तिला न्यायला आला. "काय शिकली, वाच पाहू," म्हणाला. वनमालानं ब्रेलचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं, ठिपक्यांवरून बोट फिरवत एक अख्खा धडा म्हणून दाखवला. डोमाजीला अक्षरओळख नव्हती, पण माणूस हुशार. त्यानं हळूच पुस्तक तिच्याकडून घेतलं, उलटं केलं आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. "आणखी एकदा वाच, माय." वनमालानं उलट्या पानावर बोट ठेवलं आणि तोच धडा पहिल्यापासून धडाधड म्हटला.

डोमाजी आधी खो खो हसला. मग हसायचा थांबला.

"पाठ करायले शाळा कशाले पाहिजे, गुरुजी? पाठ तं ते घरीही करीन. मले जाळं विणायले दोन हात कमी पडते."

"बा, मले येते वाचता," वनमाला म्हणाली. "हळू येते. हा धडा पाठ झाला होता म्हणून तसा म्हटला."

"मंग संक्रांतीपर्यंत शिक. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी येईन. पान मी उघडीन. मी उघडीन तेच वाचायचं, अन् खरं का खोटं ते दमयंतीबाई सांगतील. आलं तं राहा. नाही आलं तं चाल घरी."

त्यानंतर अडीच महिने ती उजव्या हाताच्या तर्जनीनं वाचत बसली. त्या बोटाला ती फार जपायची. विहिरीचा दोर ते बोट बाहेर ठेवून ओढायची. भाकर डाव्या हातानं मोडायची. चुलीजवळ बसली की ते बोट मुठीत लपवायची. एकेक ओळ तिला आधी दहा मिनिटं लागायची, मग पाच, मग दोन.

डिसेंबरात एकदा ती माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "गुरुजी, बगळा उडताना कसा असतो?"

"पंख पसरून असतो."

"पसरून म्हणजे किती? नदीत आमच्या डोंग्यावरून जातात तेव्हा मले पंख ऐकू येतात. एकदा जाळ्यात एक अडकला होता, तो मी धरून पाहिला. पण तो सगळा मिटून बसला होता, छत्रीसारखा. उडताना कोणी धरू देत नाही."

"करून देतो," मी म्हणालो.

"बा यायच्या आत द्या. घरी जावं लागलं तर माहीत नसताना जाईन मी."

तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. मला काही झालं नाही. त्या काळात मला फारसं काही होत नसे. मी पाटीवर लिहून ठेवलं: बगळा, उडता, एक.

तो बगळा आता तुझ्या हातात आहे. फुगीर भाग म्हणजे त्याचं अंग, मागच्या काड्या म्हणजे पाय. मान शोधून सापडणार नाही. उडताना बगळा मान आखडून घेतो, फक्त चोच पुढं राहते. पंख जाड केले आहेत, म्हणजे पडले तरी मोडणार नाहीत. भट्टीत ते खाली टेकू नयेत म्हणून त्यांना तीन टोकांच्या मातीच्या टेकूंवर तोलून ठेवलं होतं. शुक्रवारी भट्टी उघडली. टेकू तोडले, खुणा घासल्या. मग दोन्ही पंखांच्या कडांवरून अंगठा फिरवला, मागून पुढं, पुढून मागं. अंगठ्याला काही लागलं नाही.

शनिवारी, जेवणं झाल्यावर, मी वनमालाला बोलावलं. ती अंगणातून भिंतीला हात लावत आली आणि बाकावर बसली. तूही केलीस तशीच तिनं ओंजळ केली.

"सांग, काय आहे?"

"नांगर होय?" मग बोटं पसरत गेली. "नाही... गुरुजी! बगळा होय!" ती बाकावरच उडाली. "एवढे मोठे पंख? अंगापेक्षा मोठे?"

"अंगापेक्षा कितीतरी मोठे."

"मान कुठं गेली?"

"आखडून घेतली आहे. चोचीवरून मागं ये."

"हो की! थंडीत आमचा बा बसतो तसा." ती हसली. "अन् पाय नुसते मागं टाकून दिले. काही कामाचेच नाहीत. थांबा, आता मी नीट वाचते." नीट वाचायचं म्हणजे तिचं ते जपलेलं बोट. ती तर्जनी तिनं डाव्या पंखाच्या मुळाशी ठेवली आणि ओळ वाचतात तशी कडेनं सरळ टोकापर्यंत नेली.

मधेच ती थांबली. ओरडली नाही. बगळा टाकलाही नाही. अलगद मांडीवर ठेवला आणि बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"काही टोचलं." बोट तोंडात असल्यानं शब्द बोबडे आले.

मी जवळ गेलो. बगळा उचलला. तिथंच, त्याच कडेवरून अंगठा फिरवला. काही नव्हतं. जोर देऊन पुन्हा फिरवला, तिसऱ्यांदाही फिरवला.

"काही नाही गं इथं. गुळगुळीत आहे."

"आहे. मी दाखवते." तिनं मोकळा हात पुढं केला आणि बगळ्याऐवजी तिच्या हातात माझा हात आला. दोन वर्षांत पहिल्यांदा एखाद्या मुलानं माझा हात धरला होता. मी तो ओढून घेणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"गुरुजी, हे ओलं काय होय?"

"तुझं रक्त लागलं असेल."

"माझं कसं लागेल? माझं बोट तर माझ्या तोंडात आहे."

मी खाली बघितलं. माझा अंगठा तीन ठिकाणी चिरला होता. रक्त मनगटावरून बाहीत उतरत होतं. पांढऱ्या पंखावर त्याची एक लांब रेघ उमटली होती.

"दुखत नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"नाही."

नऊ वर्षांची मुलगी, पण हातानं जगणारी. एखाद्या हाताला काहीच कळत नाही याचा अर्थ तिच्याइतका कोणाला समजणार?

आता तुला सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या दंडाच्या खाली एक फिकट चट्टा आला होता. टाचणी टोचली तरी तिथं कळायचं नाही. मग बोटांची टोकं तशी झाली. कुष्ठरोग. तेव्हा लोक त्याला महारोग म्हणायचे आणि म्हणताना एक पाऊल मागं सरायचे. आज मला हे सांगताना काही वाटत नाही, कारण तो गोळ्यांनी बरा होतो. मीही बरा झालो. शाळेतल्या सगळ्या मुलांची तपासणी झाली, कोणाला काही नव्हतं. फक्त अंगठ्याची गेलेली जाण परत आली नाही. पण तेव्हा मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. बरण्यांच्या कारखान्यात एका कामगाराचं काय झालं ते मी पाहिलं होतं. आधी त्याचा डबा वेगळा ठेवला, मग पाण्याचा माठ वेगळा ठेवला, मग तोच दिसेनासा झाला. मी बायकोला आणि मुलाला मुलाच्या शाळेचं निमित्त सांगून वणीला सासऱ्यांकडे धाडलं होतं. पूर्ण बाह्यांचे चार सदरे शिवून घेतले होते. आणि रोज, सवयीनं, ज्याला काही कळत नाही तो अंगठा फिरवून मी मुलांना सांगत होतो की वस्तू गुळगुळीत आहे.

"वनमाला," मी म्हणालो, "माझ्या अंगठ्याचं कोणाला सांगू नकोस."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. त्यांना बरंच काही करायला सांगितलं. त्यातलं हे एक.

तिनं बोट तोंडातून काढलं. पेराच्या मऊ भागावर आडवी चीर पडली होती, ठिपके वाचतात बरोबर तिथं.

"उद्या बा येणार आहे," ती म्हणाली.

दमयंतीबाईंनी जखम धुतली, औषध लावलं आणि बोटाला जाड पट्टी बांधली. "चार-पाच दिवस हे बोट कशालाही लावायचं नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी हात खिशात घातला होता.

"गुरुजी, तुम्ही अंगठा नाही फिरवला?"

"राहून गेलं," मी म्हणालो.

"तुमचं? राहून गेलं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नेमकं आजच?"

वनमाला स्टुलावर बसली होती. तिनं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवलं.

रविवारी दहाच्या सुमारास डोमाजी आला. खांद्यावर दुपट्टा, हातात बोरांची पिशवी. शाळेच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता त्याला पट्टी दिसली.

"हे कायनं झालं?"

"धार लागली," वनमाला म्हणाली.

"कायची?"

"बगळ्याची. गुरुजींनी मातीचा केला होता. मीच घाईनं बोट फिरवलं."

डोमाजीनं माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, मी जाळं विणायले बसवतो तं आधी दोर पाहून देतो तिले, काटाकुटा काढून. इथं कोणी पाहत नाही?"

अशा वेळी जीभ टाळूला चिकटते, असं म्हणतात. तसं काही झालं नाही. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

"जाऊ दे. आण पुस्तक," तो म्हणाला. त्यानं पुस्तक उघडलं, पुढची पानं सोडून दिली, मागची सोडून दिली आणि मधलं एक पान काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "हे."

वनमालानं डाव्या हाताचं बोट ठेवलं. त्या बोटाला सवय नव्हती. "गा... गाजर... नाही. थांबा. गा..." बोट ओळीवरून घसरलं. तिनं मधलं बोट लावलं. "ग... भ..." दमयंतीबाई तिच्या मागं उभ्या राहून पानाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण सांगायचं नव्हतं.

डोमाजी पाच मिनिटं थांबला, मग पुस्तक उघडंच सतरंजीवर काढून ठेवलं. चिडून नाही.

"राहू दे, माय. बोट बरं असतं तं आलंही असतं, मी नाही म्हणत नाही. पण संक्रांत झाली. जाळं अर्धं पडून आहे. तुझे कपडे बांध."

"बोट बरं होईपर्यंत थांबा नं, बा."

"मंग आणखी काही होईल. चाल."

मी खांबाला टेकून उभा होतो. एक मुलगी शाळेतून जाणार होती आणि ती का जाणार ते ओसरीवर फक्त दोघांना माहीत होतं, तिला आणि मला. मला अंगणातला हौद दिसत होता. हौदावर एक कावळा पाणी पीत होता. मी तो कावळा बघत राहिलो.

"बा, ते पुस्तक द्या इकडं."

तिनं ते उघडं पुस्तक चाचपून घेतलं आणि दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी नेलं. वरचा ओठ ओळीच्या सुरुवातीला टेकवला.

"पोट्टीले भूक लागली का?" डोमाजी म्हणाला. "पुस्तक खाऊन राहिली!"

"शू! डोमाजी, गप्प बसा जरा," दमयंतीबाई म्हणाल्या.

ओठ पानावरून इंच-इंच सरकला. मग तिनं पुस्तक खाली घेतलं आणि म्हणाली, "गाडी." पुन्हा ओठ. "गाडी पुलावर." पुन्हा. "गाडी पुलावर थांबली." कपाळावर घाम आला होता. नाकाचा शेंडा पानावर घासून लाल झाला. "खाली... पाणी... नव्हते. खाली पाणी नव्हते. वाळू होती."

"पाणी नव्हतं?" डोमाजी मधेच बोलला. "मंग पूल कशाले बांधला?"

"बा, वाचू द्या नं!"

तिनं आणखी दोन ओळी वाचल्या.

"खरं होय, बाई?" डोमाजीनं हळू आवाजात विचारलं.

"अक्षर न् अक्षर," दमयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले.

डोमाजीनं पुस्तक तिच्या हातातून घेतलं. थोडा वेळ नुसतं धरून बसला. मग दिवाळीसारखंच, आवाज न करता, त्यानं ते फिरवलं आणि परत दिलं. "आणखी एक ओळ वाच, माय."

वनमालानं ओठ टेकवला. थांबली. पुन्हा टेकवला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"बा," ती म्हणाली, "उलटं दिलं तुम्ही."

डोमाजीनं दुपट्ट्यानं नाक पुसलं. बोरांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "सगळी एकटीनं खाऊ नको," म्हणाला. "जाळ्याचं पाहतो मी." आणि पायऱ्या उतरून गेला. फाटकाजवळून त्यानं एकदा वळून हात हलवला. ते तिला दिसणार नाही, हे बहुतेक त्याच्या लक्षात राहिलं नाही.

सगळ्यांना आनंद झाला. दमयंतीबाईंनी मुलांना गूळ वाटला. मी मातीकामाच्या खोलीत जाऊन बसलो. बगळा टेबलावर होता. रक्ताची रेघ वाळून तपकिरी झाली होती. ती धुतली आणि हातोडा घेतला.

दारात वनमालाची पावलं वाजली. ती नेहमी मोजत चालायची, ओठातल्या ओठात.

"गुरुजी, बगळा कुठं आहे?"

"इथं आहे. फोडून टाकणार आहे."

"काऊन? माझा एक पंख पाहायचा राहिला आहे."

"पुन्हा कापेल."

"बोटानं नाही पाहत मी." ती टेबलापर्यंत आली, हातोडा चाचपून बाजूला सारला आणि बगळा अंगाकडून उचलला. "तुम्ही खाली बसा."

मी स्टुलावर बसलो. तिनं मोकळा हात माझ्या आवाजाकडे, चेहऱ्याकडे आणला. मी मान मागं घेतली.

"हात लावू नकोस मला."

"नाही लावत," ती म्हणाली. तिनं हात मागं घेतला आणि बगळा पुढं केला. पंखाची कड माझ्या गालाला टेकली. थंड होती. थंड आहे हे मला कळलं. ती कड हळूहळू खाली आणू लागली, कानापासून हनुवटीकडे. ओलसर गुळगुळीतपणा. दाढीचे खुंट त्यावर करकर वाजत होते. मग एका जागी बारीक, अगदी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं.

"इथं," मी म्हणालो.

"इथं," तीही त्याच क्षणी म्हणाली. तिनं बगळा तिथंच थांबवून ठेवला. "कळलं?"

"कळलं."

"मग गालाला कळते." तिनं बगळा खाली घेतला आणि कुशीत धरला. "अंगठ्यानं नका पाहत जाऊ. गालानं पाहा."

मी मान हलवली. तिला दिसलं नाही म्हणून पुन्हा "हो" म्हणालो.

बाहेर मुलं बोरांच्या बिया कोण लांब थुंकतं ते ऐकून ठरवत होती.

"गुरुजी, मी बाईंना सांगितलं नाही. बाले पण नाही सांगितलं."

"माहीत आहे."

"मले नाही आवडलं ते."

वनमालानं बगळा काखेत नीट धरला. दुसऱ्या हातानं हवेत चाचपत माझ्या सदऱ्याची लांब बाही शोधली, पट्टी बांधलेलं बोट बाहेर ठेवून उरलेल्या बोटांनी ती मनगटापाशी घट्ट पकडली आणि मला ओढून स्टुलावरून उठवलं. दमयंतीबाईंची खोली तिथून अठरा पावलांवर होती. ती दाराकडे वळली आणि मोजू लागली, या वेळी मोठ्यानं.